वर्ग नऊ, संकीर्ण

अण्णांना गाडीत घेतलं की कळंबोली सर्कल सुटायच्या आत ती गाडी एखाद्या टँकरच्या मागे लागलेली असते. चालवणारा कोणीही असो. "जरा पुढे घे, अजून जरा, वाचू दे," असं अण्णा इतक्या काकुळतीनं म्हणतात की माणसाचा पाय आपोआप दाबला जातो. मग टँकरच्या पाठीवरची पाटी टप्प्यात येते, अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात आणि जाहीर करतात, "सतराशे एकोणनव्वद. हायड्रोक्लोरिक. वर्ग आठ. आता मागे घे, मागे घे लेका, मरायचंय का?"

काही लोक आडनाव ऐकलं की समोरच्याचं मूळ गाव, कुलदैवत आणि कोणाकडे दिलेली आत्या सांगतात. अण्णांचं तसं चार आकड्यांचं आहे. वाहतुकीत येणाऱ्या झाडून साऱ्या धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी चार आकडी नंबर देऊन ठेवलाय, आणि तो पनवेलपासून पनामापर्यंत एकच. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५. आपल्याला १७८९ म्हटलं की फ्रेंच राज्यक्रांती आठवते, अण्णांना अ‍ॅसिड. १९४२ म्हणजे चले जाव नव्हे, अमोनियम नायट्रेट. १९५० म्हणजे प्रजासत्ताक नव्हे, एरोसोल, म्हणजे काखेत मारायचा फवारा. नातीला इतिहास शिकवायला बसले तेव्हा सुनेनं पुस्तक काढून घेतलं.

अण्णांची उभी हयात रसायनीच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात गेली. खातं डिस्पॅच. माल आत कसा बनतो याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. गेटबाहेर कसा पडतो एवढ्याशीच होतं. जन्म १९५७ चा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला जिनिव्हात एक करार झाला. धोकादायक माल रस्त्यानं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा असेल तर पाटी कशी, पिंप कसं, ड्रायव्हर कसा, कागद कुठला, हे सगळ्यांनी मिळून एकच ठरवायचं, असा. त्याला एडीआर म्हणतात. सही १९५७ ला झाली आणि अंमल सुरू व्हायला १९६८ उजाडलं. "जुळे भाऊच. हेही मनावर घ्यायला अकरा वर्षं लावतात," असं काकू म्हणतात.

जगात नियम पाळणारे असतात, नियम मोडणारे असतात. अण्णा तिसऱ्या जातीचे: नियम जुळवणारे. दोन नियम एकमेकांशी भांडताना दिसले की यांना अन्न गोड लागत नाही. आणि या बाबतीत आपल्या देशानं त्यांना सुखानं जेवू दिलंय असा एकही दिवस नाही.

म्हणजे नियम कमी आहेत का? छे! टँकरवरची पाटी, ड्रायव्हरचं शिक्षण आणि गाडीतले कागद हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये. पण आत पेट्रोल असेल तर शिवाय पेट्रोलियम नियम २००२. दाबाखालचा गॅस असेल तर प्रेशर व्हेसलचे २०१६ चे नियम. तोच गॅस सिलिंडरमध्ये भरला की सिलिंडरचे २०१६ चे. स्फोटकांना २००८ चे आणि अमोनियम नायट्रेटला त्याचे स्वतःचे, २०१२ चे. ही सगळी मंडळी पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या नागपूरच्या पेसोकडे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाच्या घरात नांदतात. रस्ता परिवहन हे दुसरं घर. माल टाकाऊ असेल तर तिसरं घर, पर्यावरणाचं, आणि तिथला दहा नंबरचा फॉर्म. किरणोत्सर्गी असेल तर अणुऊर्जा नियामक मंडळ. रेल्वेनं न्यायचा असेल तर रेल्वेचं रेड टॅरिफ. हे सारे कायदे देशात एका ठिकाणी गुण्यागोविंदानं राहतात ते फक्त अण्णांच्या हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात. पूर्वी तिथे जाडी रजई असायची. ती आता माळ्यावर गेलीये आणि पाहुणे थंडीत कुडकुडतात.

"हे बघ," अण्णा दिवाणाचं झाकण एका हातानं तोलत सांगतात. "एक द्रव घे. बासष्ट अंशाला त्याची वाफ पेट घेते. म्हणजे फ्लॅश पॉइंट बासष्ट. पेट्रोलियम नियमांत तेवीस ते पासष्टपर्यंत ब वर्ग. म्हणजे हा आत. संयुक्त राष्ट्रांचा तिसरा वर्ग साठ अंशांवर थांबतो. म्हणजे हा बाहेर. नागपुरात हा माल गुन्हेगार आणि जिनिव्हात सज्जन! आता मला सांग, त्या बिचाऱ्यानं करायचं काय?" बिचारा म्हणजे द्रव. अण्णांची सहानुभूती नेहमी मालाकडे असते.

न्हावा शेव्याचंही तेच दुःख. कंटेनर बोटीवरून येतो तेव्हा समुद्राच्या नियमाप्रमाणे त्याच्या चारही बाजूंना चौकोनी, कोपऱ्यावर उभी केलेली लेबलं चिकटवलेली असतात. गेटबाहेर पडून ट्रेलरवर चढला की आपला मोटार वाहन नियम लागू, आणि त्यात आणीबाणीची पाटी तीन जागी: दोन कुशींना आणि मागे. "समोरून येणाऱ्यानं काय पाप केलंय?" अण्णा विचारतात. आपण गप्प बसतो. समोरून येणारे आपणही असतो.

बरं, त्या पाटीवरचा मजकूरही सरळ नाही. आपल्या पाटीत चार आकड्यांबरोबर 'हॅझकेम' नावाचा कोड असतो. तो १९७० च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलानं आपल्या सोयीसाठी काढला: बंबवाल्यानं पाटी बघायची आणि पाणी मारायचं का फेस, तोंडाला मुखवटा हवा का, माल गटारात सोडला तर चालेल का, हे एका नजरेत उमजायचं. एडीआरवाल्या युरोपात मात्र नारिंगी पाटी, चाळीस सेंटिमीटर बाय तीस, वरच्या ओळीत धोक्याचा आकडा आणि खाली मालाचा. तिकडचा आकडा सांगतो की आत काय भानगड आहे. इकडचा कोड सांगतो की आता करायचं काय. अण्णांचं मत: दोन्ही बरोबर, म्हणून दोन्ही चूक. पेट्रोलच्या टँकरला तिकडे वर ३३, इकडे ३ वाय ई.

या कोडापायी अण्णा एकदा पळस्पे फाट्यावरच्या ढाब्यात एका ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी समोर होतो. ड्रायव्हर जौनपूरकडचा, पन्नाशीतला, दाल तडक्यात रोटी बुडवून शांतपणे खात होता. बाहेर त्याचा टँकर उभा.

"भैया, पीछे तीन वाय ई लिखा है, उसका मतलब मालूम है?"

"मालूम है ना साब." त्यानं घास गिळला. "मतलब चालान नहीं कटेगा."

अण्णांनी पाणी प्यायलं. मग समजावून सांगायला लागले: तीन म्हणजे फेस मारायचा, वाय म्हणजे स्फोट होऊ शकतो आणि माल नाल्यात जाता कामा नये, ई म्हणजे आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करायचा. ड्रायव्हरनं सगळं नीट ऐकून घेतलं. शहाणा माणूस होता. शेवटी त्यानं विचारलं, "और इसमें ड्राइवर किधर है?"

ड्रायव्हर त्या कोडात नाहीच. त्याच्यासाठी वेगळा कागद असतो, ट्रेम कार्ड, तो केबिनमध्ये ठेवायचा. अण्णांनी कार्ड मागितलं. सन व्हायजरच्या मागे, विंध्यवासिनीच्या फोटोला टेकवून ठेवलेलं ते निघालं. लॅमिनेट केलेलं, कोपऱ्याला हळदीचा डाग, मजकूर अथपासून इतिपर्यंत इंग्रजी. आणि माल मागच्या खेपेचा. आज पोटात टोल्युइन, कार्डावर अ‍ॅसिटोन.

अण्णांचा मूळ मुद्दा इथे आहे आणि तो मला पटतो. आपल्या मोटार वाहन नियमांत नववा नियम असं सांगतो की असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला घटनेतल्या भाषांपैकी एखादी आणि शिवाय इंग्रजी लिहितावाचता आली पाहिजे. तीन दिवसांचा कोर्स करायचा, लायसन्सवर शिक्का घ्यायचा आणि दर तीन वर्षांनी उजळणी करून तो ताजा करायचा. एडीआरनं उलटं केलंय. २००९ पासून तिकडे मालागणिक वेगळं कार्ड उरलंच नाही. सगळ्या मालाला मिळून चार पानांच्या एकाच छापाच्या सूचना, आणि त्या गाडीतल्या माणसांना वाचता येतील अशाच भाषेत द्यायच्या, ही माल नेणाऱ्या कंपनीची जबाबदारी. म्हणजे आपण ड्रायव्हरला कागदाची भाषा शिकायला लावतो, त्यांनी कागदाला ड्रायव्हरची भाषा शिकवली. अण्णांनी हे त्या जौनपूरवाल्याला हिंदीतून सांगितलं. तो म्हणाला, "कागज़ पढ़ा-लिखा निकला, अच्छा है," आणि हात धुवायला उठला.

अण्णांच्या आयुष्यातला सर्वात मोठा विजय मात्र कळंबोलीतला, आणि तो एका पेंटरवर. ट्रक टर्मिनलला हे पेंटर लोक बसलेले असतात: मागच्या फळीवर कमळ, पंख्यावर 'आई एकवीरा प्रसन्न', मडगार्डवर डोळा. अण्णा तिथे निव्वळ बघायला जातात, दुसरा एखादा पेन्शनर बागेत जातो तसे नव्हे, तर तोंडात विडा आणि हातात वही घेऊन, तपासणीस म्हणून. एके दिवशी पेट्रोलच्या टँकरवर पेंटरनं पाटी रंगवली होती. रंगवली म्हणजे काय, सजवली होती. आकड्यांना निळी छाया, शून्याच्या पोटात चांदणी. आणि नंबर टाकला होता १२३०.

"अरे, हे काय लिहिलंस?"

"काय झालं काका? एक, दोन, तीन, शून्य. चारही आहेत."

"बारा शून्य तीन पाहिजे."

"मग आहेत की. आकडे तेच आहेत ना?"

आकडे तेच होते. पण १२०३ म्हणजे पेट्रोल आणि १२३० म्हणजे मिथेनॉल. पेट्रोलला साधा फेस चालतो; मिथेनॉल साधा फेस खाऊन टाकतं, त्याला अल्कोहोलपुढे टिकणारा वेगळा फेस लागतो. ब्रिटनच्या हॅझकेम यादीत मिथेनॉलच्या कोडाआधी एक ठिपका असतो, तो तेवढ्यासाठीच. शिवाय मिथेनॉल विषारी, आणि त्याची ज्वाला दिवसाउजेडी धड दिसतही नाही. बंबवाल्यानं ती चांदणीवाली पाटी वाचून कुठला फेस मागवायचा? हे सगळं अण्णांनी सांगितलं. पेंटरनं ब्रश डब्यात ठेवला, दोन पावलं मागे गेला, पाटीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "पण काका, शून्य शेवटी चांगलं दिसतं." अर्ध्या तासानं त्यानं शून्य हलवलं. चांदणी राहू दिली. अण्णांनीही राहू दिली, कारण चांदणी नसावी असं कुठल्याच नियमात म्हटलेलं नाही. त्यांनी घरी जाऊन बघितलं.

अण्णांना लोक हसतात, मीही हसतो. पण २०२३ च्या जूनमध्ये लोणावळ्याजवळ एक्सप्रेसवेवर रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारी माणसंसुद्धा त्यात गेली, त्या संध्याकाळी अण्णा टीव्हीसमोर एक अक्षर बोलले नाहीत. एरवी बातमीदार 'ज्वलनशील केमिकल' म्हणाला की ते पडद्याला ओरडून नंबर विचारतात. २०१२ साली कण्णूरजवळ एलपीजीचा टँकर फुटला, २०२४ च्या डिसेंबरात जयपूरच्या वेशीवर भांक्रोट्याला. आणि सगळ्यांची आजी म्हणजे स्पेनमधलं लोस अल्फाकेस, ११ जुलै १९७८. क्षमतेपेक्षा जास्त प्रोपिलिन भरलेला टँकर, कडेला समुद्रकाठी सुट्टीवर आलेल्या लोकांचे तंबू, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर स्पेननं असले टँकर वस्तीतून नेण्यावर निर्बंध आणले. ही नावं अण्णा तारखेसकट सांगतात आणि लगेच दिवाण उघडून काहीतरी शोधायला लागतात. त्यात खरं शोधायचं काही नसतं.

एक गोष्ट त्यांना आवडते, म्हणजे छळते. १९९९ च्या मार्चमध्ये माँ ब्लाँच्या बोगद्यात ट्रक पेटला आणि ३९ माणसं गेली. एडीआरमध्ये पुढे ए ते ई असे बोगद्यांचे वेगळे प्रकारच आले. तर त्या ट्रकमध्ये काय होतं? मैदा आणि मार्गारिन. एकाही यादीत नाही. "म्हणजे बघ," अण्णा म्हणतात, "मालाला नंबर नव्हता म्हणून त्याला ठाऊकच नव्हतं की आपण धोकादायक आहोत."

घरात काकूंनी या सगळ्याशी जुळवून घेतलंय, पण त्यांच्या अटींवर. फ्रिजवर वर्गांचा तक्ता आहे. त्याला धरून ठेवणारं लोहचुंबक गणपतीचं आहे. गॅस सिलिंडरवर अण्णांनी लाल लेबल चिकटवलं होतं, ते काकूंनी पोळपाटाखाली ठेवलं कारण पोळपाट हलायचा. काकू मालवणकडच्या. एकदा अण्णांनी प्रेमानं यादीतली त्यांच्या परिचयाची पानं वाचून दाखवली: सुकं खोबरं १३६३, तेलबियांची पेंड १३८६, मासळीचं कूट १३७४. तेल असलेला, दमट, ढिगानं रचलेला माल आपला आपण तापतो आणि पेटतो, म्हणून. त्याच यादीत १३२७ नंबरला गवत, पेंढा आणि भुसा. "अगदी 'भुसा' असंच छापलंय," अण्णा अभिमानानं म्हणाले. "रस्त्यानं न्यायला एडीआरमध्ये सूट आहे, बोटीनं नाही."

"म्हणजे माझं अख्खं माहेरच तुमच्या यादीत," काकू म्हणाल्या. "आणि मला रस्त्यानं आणलीत म्हणून सूट."

सोसायटीतही अण्णांनी सगळ्यांना वर्ग लावून टाकलेत, अर्थात खासगीत. सेक्रेटरी पाच पॉइंट एक, म्हणजे ऑक्सिडायझर: स्वतः पेटत नाही, दुसऱ्याला पेटायला मदत करतो. खजिनदार आठ, ज्याला लागतात त्याला कुरतडत जातात. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ चार पॉइंट तीन, पाण्याशी संबंध आला की ज्वालाग्राही, विशेषतः शनिवारी रात्री. प्रत्येकाच्या घरी सर्दी वाटत फिरणारे एक काका सहा पॉइंट दोन. वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी अण्णा हॉलमध्ये खुर्च्या मांडायला स्वतः जातात. कोण कोणाशेजारी नको याचा तक्ता समुद्रावर बोटी भरायला वापरतात, अण्णा सभेला वापरतात. पाच पॉइंट एक आणि तीन शेजारी शेजारी बसले त्या वर्षीची सभा पार्किंगच्या मुद्द्यावर पोलिसांपर्यंत गेली होती, हे त्यांच्या शास्त्राला मिळालेलं भक्कम प्रमाण.

"आणि तुम्ही कितवे, अण्णा?" मी एकदा विचारलं.

"नऊ," ते म्हणाले, क्षणभरही न थांबता. "संकीर्ण. धोका आहे, पण कुठल्याच खान्यात बसत नाही."

मुलगी जर्मनीत मानहाइमला असते. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिनं आईवडिलांना बोलावून घेतलं. काकूंनी ऱ्हाइन बघितली, हायडेलबर्गचा किल्ला बघितला. अण्णांनी ऑटोबानवरचा एक पादचारी पूल बघितला. रोज. सकाळी डबा घेऊन तिथे उभे. खालून टँकर जायचे: ३३ वर १२०३ खाली, ३० वर १२०२ खाली, ८० आणि १७८९. पाटी पुढे, पाटी मागे, आकडे कोरलेले, रंग नारिंगी म्हणजे नारिंगीच. पोलंडचा टँकर तसाच, इटलीचा तसाच, तुर्कस्तानचाही तसाच. नुसती कोरी नारिंगी पाटी दिसली तर आत वेगवेगळी पिंपं-खोकी आहेत असं समजायचं, आणि तसंच ते असायचं. अण्णांनी ज्याची आयुष्यभर वाट पाहिली ते खालून ताशी ऐंशीनं वाहत होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले. दुसऱ्या दिवशी कमी. आठवड्यानं मुलीनं मला फोन केला, "बाबांना बरं नाही का? जेवत नाहीयेत." मी अण्णांशी बोललो. बराच वेळ हवापाण्याचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "अरे, सगळं बरोबर आहे रे इथे. एकसुद्धा चूक नाही. माणसानं दिवसभर उभं राहून बघायचं तरी काय?"

परतले त्या रात्री मी विमानतळावर न्यायला गेलो होतो. शीव-पनवेल मार्गावर, वाशीचा पूल ओलांडल्यावर, एक टँकर पुढे आला. डावीकडची पाटी चिखलानं भरलेली, मागच्या पाटीवरचा शेवटचा आकडा उडालेला, कोड नाहीच, आणि फोन नंबरच्या जागी मालकाच्या मुलाचं नाव. अण्णा पुढच्या सीटवर ताठ झाले. "पुढे घे," ते म्हणाले. आवाजात महिन्याभरानं जीव आला होता.

तरी जुळणी व्हावी हा त्यांचा ध्यास कमी झालेला नाही. एडीआर दर दोन वर्षांनी, विषम साली, नवा होतो. अण्णा तो उतरवून घेतात आणि झेरॉक्सवाल्याला दोन दिवस कामाला लावतात. १ जानेवारी २०२१ पासून त्या कराराच्या नावातून 'युरोपीय' शब्द गळाला, कारण मोरोक्को, ट्युनिशिया, नायजेरिया असे बाहेरचे देश आत आले होते. भारत त्यात नाही. "आता दार उघडं आहे," असं म्हणून अण्णांनी एक पत्र लिहिलं. ते एका खात्यानं दुसऱ्या खात्याकडे 'योग्य कार्यवाहीसाठी' पाठवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं, विषय आमच्या कक्षेत येत नाही, कृपया पहिल्याकडे लिहावं, असं अण्णांना कळवलं. अण्णा नाराज झाले नाहीत. तीन खात्यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं त्यांनी प्रथमच पाहिलं होतं.

मग २०२३ साली भारतीय मानक ब्यूरोनं धोकादायक मालाच्या वाहतुकीवर स्वतंत्र मानकच काढलं: आयएस १८१४९. वर्गीकरण, पॅकिंग, लेबलं, प्रशिक्षण, सारं एका ठिकाणी. अण्णांनी सोसायटीत पेढे वाटले. लोकांना वाटलं मुलीकडे काहीतरी आहे. सेक्रेटरीनं (पाच पॉइंट एक) पेढा तोंडात टाकत विचारलं, "म्हणजे आता सक्तीचं का हे?" अण्णा म्हणाले, "मार्गदर्शक आहे." सेक्रेटरी म्हणाला, "म्हणजे आपल्या सोसायटीच्या बायलॉजसारखं." त्या दिवसापासून अण्णांनी त्याच्या वर्गापुढे ठळक पेनानं दोन रेघा ओढल्यात.

यंदाच्या गणपतीत मात्र कहर झाला. विसर्जनाचा टेम्पो फाटकात उभा, आणि पोरांनी त्यात सामान भरायला घेतलेलं. जनरेटरचं डिझेलचं कॅन, दिव्यांसाठी अ‍ॅसिडची मोठी बॅटरी, प्रसादाच्या शिऱ्याकरता छोटा सिलिंडर, फटाक्यांचं खोकं आणि वर आरतीचा कापूर. अण्णा चप्पल न घालता खाली धावले. "१२०२, २७९४, १०७५, ०३३६ आणि २७१७! एका गाडीत! अरे, फटाक्यांचा पहिला वर्ग कोणाहीबरोबर चालत नाही!" पोरांना आधी वाटलं अण्णा लॉटरीचे नंबर सांगताहेत. कापूर तर पाव किलोचा होता, एवढ्याशा मालाला सगळीकडे सूट असते, हे अण्णांनाच सर्वांत जास्त ठाऊक. पण "देवाच्या कामात सूट घ्यायची नाही," असं त्यांनी जाहीर केलं. शेवटी तोडगा निघाला: फटाके रद्द, सिलिंडर घरी, शिरा वरूनच करून आणायचा, आणि कापूर स्वतंत्र रिक्षातून, सोबत अण्णा आणि जिन्यातलं अग्निशामक नळकांडं.

मिरवणुकीच्या मागे ती रिक्षा तळ्यापर्यंत गेली. आरती झाली, कापूर जळून संपला, बाप्पा बुडाले. परत आल्यावर रिक्षावाल्यानं जातानाचं आणि येतानाचं, दोन्ही भाडं मागितलं.

"येताना कसलं?" मी म्हणालो. "येताना तर रिकामीच होती. नुसता डबा."

"तसं नाही हं," अण्णा मागच्या सीटवरून उतरत, नळकांडं कुशीत घेऊन म्हणाले. गाडी थांबली असली तरी शास्त्र थांबत नव्हतं. "रिकामा पण न धुतलेला डबा हा नियमात भरलेल्यासारखाच धरतात. आत वाफ असते."

रिक्षावाल्यानं अण्णांकडे आदरानं पाहिलं. मग मीटर खाली पाडून माझ्याकडे वळला.

"ऐकलंत ना साहेब? द्या मग भरलेल्याचं."